तिसऱ्यांदा विचारलं तर

आमच्या घरात एक नियम होता. कोणाच्या घरी गेलं आणि त्यांनी काही खायला विचारलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर घ्यायचं, तेही जरा संकोचून. आईनं हा नियम आम्हा दोघी बहिणींना शिकवला. मी तो शिकले. माझी धाकटी बहीण शिकली नाही. आज ती पुण्यात अकराव्या मजल्यावर राहते आणि मी नागपुरात, मनीषनगरच्या छोट्या फ्लॅटमध्ये, आईच्या गुडघ्यांना तेल चोळते, ते या नियमामुळेच असं मी म्हणणार नाही. पण म्हणावंसं फार वेळा वाटतं.

नियम मूळचा आईचाही नव्हे, तिच्या वडिलांचा. माझे आजोबा मिलमध्ये कामाला होते. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा आई त्यांच्या खांद्यावर बसलेली होती. त्या दिवसानंतर त्यांनी घरात बजावून ठेवलं होतं म्हणे, की आता कोणाच्या दारात हात पसरायचा नाही. कोणी दिलं तर मानानं घ्यायचं, आणि देणाऱ्याच्या मनात मान आहे की नुसता उपचार, ते तिसऱ्यांदा विचारल्यावरच कळतं. आईनं हे इतकं मनावर घेतलं होतं की आम्ही शेजारी नुसत्या खेळायला निघालो तरी ती दारातून डोळे वटारून आठवण करून द्यायची.

बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीत घरोघरी खीर असायची. एका वर्षी शेजारच्या काकूंनी पातेलं पुढ्यात घेऊन विचारलं, "देऊ का वं पोरींनो?" मी नको म्हणाले. बहीण म्हणाली, "हो." आईनं तिच्याकडे असे डोळे वटारले की दुसरी कोणी असती तर तिनं हात मागे घेतला असता. हिनं वाटी पुढे केली. काकूंनी मला पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हणाले, आणि तिसऱ्या विचारण्याला द्यायचा 'बरं, थोडीशी' तोंडात तयार ठेवला. तेवढ्यात दारात आणखी पोरं आली आणि काकू तिकडे वळल्या. बहिणीच्या वरच्या ओठावर खिरीची पांढरी मिशी उमटली होती. ती मिशी मला अजून दिसते. तिच्या गृहप्रवेशाला दिसली, तिनं मोठी गाडी घेतली तेव्हा दिसली, आणि गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला तेव्हाही दिसली.

फोन आईसाठी होता, पण स्पीकर लावायला मी लागतेच. "आई, विशाखापट्टणमहून एक मोठं जहाज निघतं," बहीण म्हणाली. "चेन्नईपर्यंत जातं. मी, हा आणि तू. तीन पलंगांची खोली मिळते. येशील?"

"येते," आई म्हणाली.

मी फोन हातात धरून तिच्याकडे पाहतच राहिले. फुटाळा तलावावर चक्कर मारू म्हटलं तर जिचे गुडघे दुखतात, अंबाझरीच्या बागेत जिला ऊन लागतं, ती बाई समुद्रावर जायला पहिल्या विचारण्यालाच येते म्हणाली. नको नाही, पाहू नाही, तुझ्या ताईला विचारते नाही.

मग बहिणीनं मला विचारलं. "ताई, तूही चल ना. आपण शेजारची एखादी खोली बघू."

माझ्या तोंडून नियम आपोआप बाहेर पडला. "मले कुठं जमते वं? ऑफिसात ऑडिट आहे."

"ओके," ती म्हणाली. "मग आईला विशाखापट्टणमपर्यंत सोडशील ना? दोन दिवस आधी येऊ, शहरही बघून होईल."

ओके. एवढंच. ज्या बाईच्या ऑफिसात ऑडिट आहे तिला आईला पोचवायला इतके दिवस सुट्टी कशी मिळते, हे तिच्या कॉम्प्युटरवाल्या डोक्यात आलंच नाही. मी फोन ठेवला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. ओव्यानं बरं होतं ते दुखणं नव्हे, दुसऱ्याचं भलं पाहून दुखतं ते. सरळ सांगायचं तर मला हेवा वाटला, बहिणीचा आणि आईचा, दोघींचाही.

मनात मात्र मी हिशेब ठेवला. एकदा विचारून झालं. अजून दोनदा बाकी.

नागपूरहून आई आणि मी गाडीनं गेलो. बहीण विमानानं आली. तिचा नवरा जहाज सुटायच्या दिवशी सकाळी येणार होता. हॉटेल समुद्राच्या रस्त्यावर होतं. खिडकीतून पाणी दिसायचं आणि दूर उजवीकडे समुद्रात घुसलेला एक डोंगर, त्याच्यावर दीपस्तंभ. त्या डोंगराच्या आड बंदर आहे, आपलं जहाज तिथंच लागतं, असं बहिणीनं सांगितलं. आपलं म्हणाली ती. कोणाचं आपलं ते मी विचारलं नाही.

खोलीत आल्याबरोबर तिनं बॅग उघडून आईसाठी गुलाबी बूट काढले. इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मीही आईला चालायचे बूट आणले होते, पांढरे, चांगले. "बूट घालून काय मिलिटरीत जाऊ?" असं म्हणून तिनं ते खोक्यासकट कपाटावर टाकले, ते आजही तिथंच आहेत. आता बहिणीनं खाली बसून तिच्या पायात गुलाबी बूट चढवले तर आई म्हणाली, "नरम आहेत वं." मग रुंद काठाची एक टोपी निघाली. आईनं डोक्यावरचा पदर तसाच ठेवून वर ती टोपी घातली आणि आरशात स्वतःला पाहिलं, या बाजूनं, मग त्या बाजूनं. घरी भांग पाडायलासुद्धा ती आरशासमोर उभी राहत नाही.

"पिकते तिथं विकत नाही," मी म्हणाले.

"काय?" बहिणीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

पहिल्या दिवशी आम्ही पाणबुडी पाहायला गेलो. समुद्राकाठच्या रस्त्याला लागून नौदलाची एक खरी पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे. बाहेरून जिन्यानं चढायचं, मग आत एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात वाकून, गोल दारांतून पाय उचलून जायचं. मी म्हटलं, "आई, तू राहू दे. तुझे गुडघे." बहीण म्हणाली, "चल गं, काही नाही होत." आई गेली. पिशव्या सांभाळायला कोणीतरी बाहेर राहायलाच हवं होतं, आणि ते कोणीतरी कोण हे तिघींनाही न बोलता ठाऊक होतं. मी तिघींच्या पिशव्या आणि आईच्या औषधांचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले आणि लोकांच्या आया आत जाताना पाहिल्या.

त्या दोघी दुसऱ्या टोकानं बाहेर आल्या तेव्हा आईची टोपी वाकडी झाली होती आणि ती हसत होती. खळखळून. "केवढ्या अडचणीत राहत होती वं माणसं आत!" ती मला म्हणाली. "आपली मिलची चाळ बरी होती." हे सांगताना तिनं बहिणीचा दंड धरला होता. मी म्हटलं, "गोळीची वेळ झाली." आईनं हसू आवरून तोंड उघडलं आणि मी गोळी दिली. चार वर्षांच्या पोरीचा खेळ थांबवून तिला आंघोळीला ओढावं, तसं माझं मलाच वाटलं. पण गोळीची वेळ खरंच झाली होती.

दूरची लेक साखरेची आणि जवळची लेक कडुनिंबाची. मी कडुनिंब आहे म्हणून आई चौऱ्याहत्तराव्या वर्षी गोल दारांतून वाकून जाऊ शकते, हे कोणाच्या ध्यानात येत नव्हतं. त्या दिवशी वाळूवर, देवळापाशी, मासळीच्या बंदरावर, सगळीकडे बहीण आईचे फोटो काढत होती. काही फोटोंत मीही आहे. माझ्या हातात पिशव्या आहेत.

दुसऱ्या दिवशीचं ठिकाण मी शोधलेलं होतं. शहराबाहेर समुद्रालगतच्या एका टेकडीवर जुन्या काळच्या भिक्खूंचे विहार आहेत. आता नुसती जोती उरली आहेत, विटांची, गुडघाभर उंचीची. मधे स्तूपाचा गोल चौथरा, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, आणि खाली निळाशार समुद्र. नागपूरला ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी हे मोबाईलवर वाचून काढलं होतं आणि आईला दाखवायचंच असं ठरवलं होतं. गाडीतून उतरल्याबरोबर बहिणीनं मोबाईल समोर धरला आणि आपल्या मैत्रिणींसाठी बोलायला सुरुवात केली, "आज मी माझ्या आईला घेऊन आलेय एका खूप खास जागी." मी आणलं होतं. मी! नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी टाक्यातल्या हिरव्या पाण्याकडे तोंड करून उभी राहिले.

आईनं स्तूपासमोर बूट काढले, टोपी काढली, हात जोडले आणि त्रिसरण म्हटलं. मग बहीण समुद्राचे फोटो काढायला कड्याकडे गेली आणि आई माझ्याजवळ एका जोत्यावर येऊन बसली. दोन दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघीच होतो. समोरच्या पाटीवर लिहिलं होतं, की ही जागा म्हणजे भिक्खूंची भोजनशाळा. मी आईला ते वाचून दाखवलं. आणि मनात खदखदत होतं ते विचारून टाकलं.

"आई, तिनं पहिल्यांदा विचारलं अन् तू लगेच येते म्हणाली. आपला नियम कुठं गेला?"

आईनं हातानं जोत्यावरची धूळ साफ केली. "इथं भिक्खू जेवत होते म्हणते ना ते पाटीवर?"

"हो."

"भिक्खू कधी नको नको म्हणते का? पात्रात पडलं ते घेते अन् पुढं जाते."

"आपण काय भिक्खू आहो?"

"मी म्हातारी आहो," आई म्हणाली. "दुसऱ्यांदा विचारेपर्यंत मी राहीन का नाही, कोणाले माहीत? अन् तिसऱ्यांदा त लोकं भलत्यालेच विचारतीन."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "मग मले काहून शिकवलं?"

"तवा घरात डब्यात काही नसे, पोरी," ती म्हणाली. "नको म्हटलं की वाटे, आपल्याले गरजच नाही. तेवढी ऐट होती आपल्याजवळ. आता डबे भरले आहेत ना?"

तेवढ्यात बहीण परत आली आणि म्हणाली, "आई, टोपी घाल, एक फोटो." आईनं टोपी घातली.

म्हणजे बघा, ज्या दिवशी मला आईनं स्वतःच्या तोंडानं नियमातून मोकळं केलं, त्याच दिवसाची ही गोष्ट आहे. दुपारी मोकळं केलं. आणि संध्याकाळी काय झालं ते ऐका.

संध्याकाळी आम्ही वाळूवर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून मिरचीचे भजे खात बसलो होतो. आईला तळलेलं चालत नाही, हे मी दोनदा सांगून झालं होतं आणि आई तिसरा भजा खात होती. बहिणीला तिच्या नवऱ्याचा फोन आला. ऑफिसात काहीतरी अडकलं होतं, तो येणार नव्हता. ती फोनवर चिडली, फोन ठेवून आमच्यापुढे चिडली, मग जहाजवाल्यांना फोन लावला. त्यांनी सांगितलं की पैसे परत मिळणार नाहीत. त्या जागेवर दुसरं कोणी येणार असेल तर नाव आज संध्याकाळीच कळवा, उद्या यादी बंद होते. बहिणीनं हे सगळं आम्हाला सांगितलं आणि माझ्याकडे वळली.

"ताई, जागा आहे आता. तू येतेस का?"

मला फार आनंद झाला. त्या एका क्षणात मी मनात किती मांडे भाजले म्हणून सांगू! जहाजाच्या कठड्याशी आई, शेजारी मी, पिशव्या खोलीत. आईला बूट मी घालून देते आहे आणि ती म्हणते आहे, नरम आहेत वं. पहाटे आईला समुद्र दाखवायला उठवते ती मी. ऑफिसात फोन करून आणखी सुट्टी कशी मागायची, तेसुद्धा माझं ठरून गेलं.

आणि माझं तोंड म्हणालं, "नको वं. मी कशाले? कपडेही नाही आणले."

आईचं चावणं थांबलं. बहिणीनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बघ हं," ती म्हणाली.

"नाही नाही. तुम्ही मायलेकी जा," मी म्हणाले, आणि वर हसलेसुद्धा. ते हसू कुठून आलं कोण जाणे. पोटात एक, ओठात एक, असं दुसऱ्यांबद्दल आपण सहज बोलतो. माझी तर बाराखडीच तीच आहे.

"बरं," बहीण म्हणाली आणि तिनं चटणीची वाटी पुढे ओढली.

हॉटेलपर्यंत चालत जाताना मी मागे राहिले आणि हिशेब करू लागले. फोनवर विचारलं ते पहिलं. वाळूवर विचारलं ते दुसरं. 'बघ हं' हे विचारणं धरायचं की नाही? नसेल धरायचं, तर तिसरं अजून बाकी आहे. धरायचं असेल, तर माझी पाळी येऊन गेली. पुढे त्या दोघी हातात हात घालून चालल्या होत्या. गुलाबी बूट दिव्याखाली चमकायचे आणि पुन्हा अंधारात जायचे. मला एकाएकी आठवलं ते कामठीचं स्थळ. शाळेत मास्तर होते ते. मला पसंत होते. मध्यस्थ विचारायला आले तेव्हा मी रीतीप्रमाणे म्हणाले, मला इतक्यात नाही करायचं. ते दुसऱ्यांदा आलेच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्या लग्नाची पत्रिका आली. बहिणीला तिच्या नवऱ्यानं कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये विचारलं होतं, आणि चहा यायच्या आत ती हो म्हणाली होती.

हॉटेलच्या दारात मी ठरवलं की बहीण सकाळी विचारेल. माझी सख्खी बहीण आहे. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय ती जहाजावर चढणार नाही. यादी बंद होणार आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही मी हे ठरवलं. याला काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी तयार झाले. ठेवणीतली निळी साडी नेसले. बॅग भरली आणि त्या दोघींच्या बॅगांना लावून ठेवली. बहीण म्हणाली, "तुझी गाडी तर दुपारची आहे ना?"

"हो. पण खोली सोडून देते," मी म्हणाले, आणि तिच्या तोंडाकडे पाहत थांबले. ती चार्जर शोधायला लागली.

बंदरावरच्या त्या चकचकीत इमारतीत खूप गर्दी होती. काचेपलीकडे जहाज दिसत होतं. जहाज म्हणजे काय, आमच्या मनीषनगरातल्या चार-पाच सोसायट्या एकावर एक रचून पांढरा रंग दिला असावा, असं दिसत होतं. आईनं ते पाहायला टोपीचा काठ वर केला. दारापाशी निळ्या गणवेशातला एक माणूस बॅगांना नंबरांच्या पट्ट्या लावून सरकत्या पट्ट्यावर ठेवत होता. त्यानं आईची बॅग ठेवली, बहिणीच्या दोन ठेवल्या आणि मग माझीही उचलली.

"ये वाली नहीं, भैया," बहीण म्हणाली.

त्यानं बॅग खाली ठेवली आणि वाटेत येऊ नये म्हणून पायानं बाजूला सरकवली. दुष्टपणानं नव्हे, त्याच्या घाईत. पण माझी बॅग तशी भिंतीकडे घसरत गेलेली पाहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, सगळ्या रांगेसमोर.

"मले यायचं होतं!"

बहीण वळली. "काय?"

"मले यायचं होतं. पहिल्या दिवसापासून यायचं होतं. तू विचारलंच नाही."

"दोनदा विचारलं!"

"दोनदाच विचारलं!"

इतकी वर्षं पुण्यात राहून मला-तुला बोलणारी माझी बहीण, तिची सगळी पुणेरी भाषा तिथं गळून पडली. "मग काल नको काहून म्हणाली तू? तू सगळ्यालेच नको म्हणते. सायकल आणली तवा नको म्हणाली, पुण्याले ये म्हटलं तवा नको म्हणाली. मले वाटे, ताईले काही नकोच असते. तुझ्या वाटचं घेताना मले किती वाईट वाटे, माहीत आहे का तुले? तरी तू नकोच म्हणून राहिली!" तिचे डोळे भरले होते. ती तशीच काउंटरकडे धावली. मी तिला काचेपलीकडच्या मुलीशी बोलताना पाहत होते. हात जोडले तिनं, माझ्याकडे बोट दाखवलं, मोबाईल दाखवला. ती मुलगी नकाराची मान हलवत होती, अगदी नम्रपणे.

बहीण परत आली आणि तिनंही तशीच मान हलवली.

आई दोघींच्या मधे उभी होती, टोपी घातलेली. मला वाटलं ती काही बोलेल, पाठीवर हात फिरवेल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे वटारले. तेच डोळे, खिरीच्या दिवशीचे. तेव्हा ती हो म्हणणाऱ्या पोरीकडे तसं पाहायची. आज ती माझ्याकडे पाहत होती.

"फ्रिजमधल्या भिजलेल्या मटकीचं पाहजो," मग ती म्हणाली. "सडून जाईन." आणि बहिणीचा हात धरून आत गेली. आतल्या दारापाशी तिनं एकदा मागे वळून पाहिलं, पण मधे इतकी माणसं होती की मला फक्त टोपी दिसली.

मी स्टेशनवर जाऊन बसले. गाडी यायला अवकाश होता. आईच्या औषधांचा डबा बहिणीकडे नीट दिला होता, कोणती गोळी कधी ते समजावून सांगितलं होतं, त्यामुळे आता माझ्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. चहावाला येऊन गेला. मग मोबाईल वाजला. बहिणीनं फोटो पाठवला होता.

जहाजावरची खोली होती. गोल खिडकी, तिच्यापाशी खुर्चीत आई, पायात गुलाबी बूट. मागे तीन पलंग, पांढऱ्या चादरी अगदी ताणून घातलेल्या. दोन पलंगांवर त्यांच्या पिशव्या पडल्या होत्या. तिसऱ्यावर, उशीला टेकून, टॉवेलाची घडी घालून केलेला एक हत्ती ठेवला होता. सोंड वर, कान पसरलेले. माझ्या पलंगावर हत्ती बसला होता! समुद्राकडे तोंड करून, ऐटीत. बहिणीचा हेवा मी जन्मभर केला, आईचाही दोन दिवस करून झाला, पण त्या टॉवेलाच्या हत्तीचा जेवढा केला तेवढा कोणाचाच नसेल. खाली बहिणीनं काहीच लिहिलं नव्हतं. फोटो मोठा करून करून मी आईचा चेहरा पाहिला. ती खुशीत होती की नाही, ते टोपीच्या सावलीत समजत नव्हतं.

गाडीत माझ्यासमोर नागपूरचंच एक जोडपं होतं. नवरा हिंगण्याला कंपनीत कामाला, देवदर्शनाला आले होते, आता परत निघाले होते. बाईनं माझी चौकशी केली. मी म्हटलं, आईला जहाजावर बसवून दिलं. "अन् तुम्ही नाही गेल्या?" ती म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहिलं. समुद्र केव्हाच मागे गेला होता, आता नुसती ताडाची झाडं होती.

सांजावलं तशी तिनं डबा उघडला. वांग्याची भाजी, ठेचा आणि कागदात गुंडाळलेल्या पोळ्या. वास सगळ्या बोगीत पसरला. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिनं दोन ताटल्या भरल्या आणि मग आपल्याकडे कोणीही म्हणतं तसं म्हणाली, "घ्या ना ताई."

"द्या," मी म्हणाले आणि हात पुढे केला.

तिचा हात पोळीवरच थांबला. पुढचं 'अहो घ्या हो, थोडंसं तरी' तिच्या ओठांवर तयार होतं, ते आता कुठं ठेवावं तिला सुचेना. पोळ्या मोजक्या होत्या, मला दिसत होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग एक पोळी काढली, तिच्यावर भाजी घातली आणि माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. भाजी झणझणीत होती, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भाजीचं आहे असं दोघांनाही वाटलं, ते बरंच झालं.

"अजून घ्या," ती म्हणाली. रीत होती ती, तिच्या आईनंही तिला शिकवली असणार.

मी दुसरीही घेतली. तिचा नवरा आपल्या ताटलीकडे पाहत राहिला.

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. डबा बंद केला. विचारलं असतं तर मी तेही घेतलं असतं.